लांब नळी आणि लहान पेटी

दूरची वस्तु जागच्या जागीं राहून जवळ आणून पाहावी, आणि जें पाहिलें तें कायमचें टिपून ठेवावें, ह्या दोन निरनिराळ्या इच्छा आहेत. पहिलींतून दुर्बीण निघाली, दुसरींतून कॅमेरा निघाला. ह्या दोन्ही इच्छा एका हातांत मावणाऱ्या यंत्रांत पुऱ्या व्हाव्या, ही गोष्ट मात्र फार अलीकडची आहे. २०१५ सालीं निकॉन कंपनीनें पी९०० नांवाचा कॅमेरा बाजारांत आणला; वजन सुमारें ९०० ग्रॅम आणि झूम ८३ पटींचा. तीन वर्षांनीं, २०१८ सालीं, त्याच कंपनीच्या पी१००० ह्या कॅमेऱ्यानें हा आंकडा १२५ वर नेला. जाहिरात वाचणाऱ्या सुशिक्षित माणसाची साहजिकच अशी समजूत होते कीं, भिंगें घासणाऱ्या कारागिरांनीं गेल्या शंभर वर्षांत कांहीं तरी अलौकिक साधलें असावें. इतिहास पाहूं गेल्यास उत्तर निराळें मिळतें. भिंगांत सुधारणा झाली हें खरें. परंतु खरें परिवर्तन घडलें तें कॅमेऱ्याच्या मागच्या टोकाला, जेथें प्रतिमा पडते तेथें, आणि तेंहि काटकसरीच्या पोटीं. तें कसें घडलें हें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम थोडें गणित; वाचकांनीं त्याला भिऊं नये. भिंगापासून जेवढ्या अंतरावर दूरच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट उमटते त्या अंतराला नाभीय अंतर म्हणतात, आणि प्रतिमेचा आकार ह्या अंतराच्या प्रमाणांत वाढतो. आकाशांतला चंद्र आपल्या डोळ्याशीं सुमारें अर्ध्या अंशाचा कोन करतो. म्हणून त्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या साधारण एकशें दहाव्या हिश्शाएवढी पडते. नेहमींच्या फिल्मच्या कॅमेऱ्याचें भिंग ५० मिलिमीटरांचें. त्यानें टिपलेला चंद्र फिल्मवर अर्ध्या मिलिमीटराहूनहि कमी भरतो, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान. तोच चंद्र एक सेंटिमीटर रुंदीचा हवा असेल तर भिंग आणि कांच ह्यांच्यामध्यें ११० सेंटिमीटर अंतर पाहिजे. जवळजवळ अडीच हातांचें नळकांडें झालें. डोंगरमाथ्यावरचें देऊळ, झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी, नदीपलीकडचा माणूस, सर्वांना हाच नियम लागू. ज्याला दूरचें हवें त्यानें लांबीचें ओझें वाहिलें पाहिजे, असा हा निसर्गाचा करच होता म्हणा ना.

हा कर थोडा हलका करण्याची युक्ति जुनी आहे. बहिर्गोल भिंगाच्या मागें योग्य अंतरावर अंतर्गोल भिंग ठेवलें तर प्रतिमा मोठी पडते, हें योहानेस केप्लरनें आपल्या 'डायऑप्ट्रिस' ह्या ग्रंथांत १६११ सालींच दाखविलें होतें. तेव्हां छायाचित्र ही कल्पनाहि कोणाला नव्हती. पुढें फ्रान्समध्यें निसेफोर न्येप्सनें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकींतून दिसणारीं छपरें धातूच्या पत्र्यावर उमटविलीं, १८३९ सालीं दागेरची रीति जाहीर झाली, तरी केप्लरची युक्ति पडूनच राहिली. १८९१ सालीं मात्र ती एकदम तिघांना स्वतंत्रपणें सुचली: लंडनचा थॉमस डॉलमायर, म्यूनिकचा श्टाइनहाइल आणि बर्लिनचा आडोल्फ मीटे. टेलिफोटो भिंग तें हेंच. त्यामुळें नळी तोकडी झाली. पण दुसरा एक कर होता तो चुकला नाहीं. प्रतिमा चौपट रुंद केली कीं तोच प्रकाश सोळापट जागेवर पसरतो, आणि तितका वेळ कांच उघडी ठेवावी लागते. आल्प्स पर्वत तेवढा वेळ उभा राहतो. चिमणी राहत नाहीं.

म्हणून त्या काळांत ज्यांना खरोखर पक्ष्यांचीं चित्रें हवीं होतीं त्यांनीं लांब भिंगावर फारसा भरंवसा टाकला नाहीं. यॉर्कशायरमधील स्वेलडेल खोऱ्यांत वाढलेले रिचर्ड आणि चेरी कीर्टन ह्या दोघां बंधूंची कथा ह्या बाबतींत मोठी बोधप्रद, आणि खरें सांगावयाचें तर मोठी गमतीचीहि आहे. १८९२ च्या एप्रिलांत चेरीनें एका पक्ष्याच्या अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि तीनच वर्षांनीं, १८९५ सालीं, ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचें पुस्तक छायाचित्रांसह प्रसिद्ध झालें. परंतु घरटें पळून जात नाहीं, पक्षी जातो. तेव्हां ह्या बंधूंनीं एका बैलाचें कातडें मिळवून आंतून पोकळ असा पुतळा बनविला. रिचर्ड कॅमेरा घेऊन त्याच्या पोटांत शिरे आणि बैल माळावर उभा असे. पक्ष्यांना बैलाची भीति नाहीं. ते जवळ येत आणि बैलाच्या अंगांतल्या भोंकांतून त्यांचें चित्र निघे. पुढें त्यांनीं असेंच एक मेंढरूंहि केलें. ह्या चित्रांत जी जवळीक आहे ती तासन्‌तास अंग चोरून वांकून उभ्या राहिलेल्या देहानें मिळविलेली आहे. आज आरामखुर्चींत बसून सज्जांतून खंड्याचें चित्र काढणाऱ्यानें हा बैल एकदां आठवून पाहावा.

ह्या विद्येची भाषा शिकाऱ्याची आहे, हें इंग्रजी जाणणाऱ्यांच्या लक्षांत असेलच. 'शूट' हा शब्द उघडच आहे. परंतु 'स्नॅपशॉट' हाहि मूळचा बंदुकीचा शब्द असून, नेम न धरतां झटकन् झाडलेल्या गोळीला तो लावीत. जॉन हर्शेलनें १८६० सालीं तो छायाचित्राला लावला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे ह्यानें तर १८८२ सालीं उडत्या पक्ष्यांसाठीं बंदुकीच्याच आकाराचें यंत्र केलें. खांद्याला लावून चाप ओढला कीं एका सेकंदांत बारा चित्रें निघत. आमच्याकडेहि बंदूक आधीं आणि कॅमेरा मागाहून, असाच क्रम होता. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी तिच्या हिंदी सभासदांपैकीं होते. १८८३ सालीं त्याच शहरांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. परंतु ह्या दोन विद्यांची गांठ पडण्यास फार काळ जावा लागला. पक्ष्याची जाति निश्चित करावयाची तर तो पाडावा, कातडें भरावें आणि संग्रहांत ठेवावा, हाच शास्त्रीय मार्ग समजला जाई, आणि सालिम अली ह्यांचें शिक्षणहि त्याच मार्गानें झालें. १९४१ सालीं त्यांचें हिंदी पक्ष्यांवरचें प्रसिद्ध पुस्तक निघालें तेव्हां वाचकांना पक्षी दाखविले ते रंगविलेल्या चित्रांनीं. संयुक्त प्रांतांतील जंगल-अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन ह्यांनीं वाघाची बंदुकीनें शिकार करण्याऐवजीं त्याच्या वाटेवर तार आंथरून ठेवली. वाघाचा पाय तिला लागला कीं उजेड पडे आणि वाघच आपलें चित्र काढून घेई. त्यांचें पुस्तक १९२७ चें. तेथेंहि लांब भिंग नव्हतें. रात्रभर वाट पाहणारा सांपळा होता.

ही झाली लांब नळीची बाजू. लहान पेटीचा इतिहास अगदीं निराळ्या माणसांनीं, निराळ्या हेतूनें घडविला. जॉर्ज ईस्टमननें १८८८ सालीं कोडॅक कॅमेरा काढला. त्याची किंमत २५ डॉलर. आंत १०० चित्रांची गुंडाळी आधींच भरलेली. ती संपली कीं सगळी पेटीच कारखान्याला पाठवावयाची. १९०० सालच्या ब्राउनी कॅमेऱ्याची किंमत तर एकच डॉलर होती. रसायनें, काळी खोली, कांचा, तिपाई हें सगळें लटांबर एका फटक्यांत गेलें आणि बायकामुलांच्याहि हातीं कॅमेरा आला. मात्र ह्या पेट्यांचें भिंग एकच, ठरीव. चार पावलांवरचा माणूस चांगला यावयाचा. चाळीस पावलांवरचा मुंगीएवढा.

जर्मनींत वेट्झलार येथें ओस्कार बार्नाक नांवाचा एक यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार. जड कॅमेरा, कांचा आणि तिपाई घेऊन डोंगर चढणें त्याला झेपेना, म्हणून त्यानें सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारी, खिशांत मावणारी पेटी १९१४ च्या आंतच तयार करून ठेविली. महायुद्धामुळें ती रखडली आणि १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लायका ह्या नांवानें लोकांपुढें आली. एका चित्राचें माप २४ बाय ३६ मिलिमीटर. हें माप वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढची सगळी मोजदाद अजूनहि त्याच मापानें चालते. लायकाला लांब भिंग जोडण्याची सोय पुढें झाली, पण जोडल्यावर अडचण दिसे ती निराळीच. नेम धरण्याचें छिद्र आणि भिंग हीं वेगवेगळ्या जागीं असल्यामुळें डोळ्याला दिसे एक आणि फिल्मवर उमटे थोडें दुसरें. आंखूड भिंगांत हा फरक चाले. लांब भिंगांत चालत नसे. १९३६ सालीं ड्रेस्डेनहून आलेल्या किने एक्झाक्टा ह्या कॅमेऱ्यानें आरसा घालून भिंगांतूनच पाहण्याची सोय ३५ मिलिमीटरच्या फिल्मला करून दिली, आणि लांब भिंगाचा लहान पेटींत शिरकाव झाला. परंतु पेटी लहान असली तरी तिच्या तोंडावरचें भिंग अजून हातभर लांबच होतें, आणि दर अंतराला दुसरें भिंग बदलावें लागत होतें.

आतां झूमकडे वळूं. एकाच नळींत भिंगें मागेंपुढें सरकवून नाभीय अंतर बदलतां यावें, ह्या कल्पनेचें अमेरिकन पेटंट १९०२ सालीं क्लाइल अ‍ॅलन ह्यानें घेतलें होतें. १९२७ च्या 'इट' ह्या मूकपटाच्या आरंभींच असा एक सरकत जवळ जाणारा देखावा आहे. १९३२ सालीं टेलर-हॉब्सन ह्या इंग्रज कारखान्यानें सिनेमासाठीं ४० ते १२० मिलिमीटरांचें कुक व्हॅरो भिंग केलें. अडचण अशी कीं, भिंग सरकलें कीं प्रतिमेची जागाहि सरकते आणि चित्र अस्पष्ट होतें. ती जागा स्थिर ठेवावयाची तर दुसरें भिंग त्याच वेळीं निराळ्या गतीनें सरकलें पाहिजे, आणि दोहोंचा मेळ केंसभरहि चुकतां कामा नये. व्हिएन्नाहून अमेरिकेस गेलेले फ्रँक बॅक, फ्रान्समधील प्येर आँजेन्यू आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्या तिघांनीं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहाबारा वर्षांत हें कोडें आपापल्या परीनें सोडविलें. त्यांतील हॉपकिन्सविषयीं दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. बी. बी. सी. ला दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यावर फिरत्या चकतींतल्या तीनचार भिंगांऐवजीं एकच भिंग हवें होतें, तें त्यांनीं करून दिलें. ह्याच हॉपकिन्सनीं आमच्या पंजाबांतून गेलेल्या नरिंदरसिंग कपानी ह्या विद्यार्थ्याबरोबर कांचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून प्रतिमा वाहून नेतां येते हें १९५४ सालीं 'नेचर' मध्यें प्रसिद्ध केलें. आज दवाखान्यांत पोटाच्या आंत पाहण्याची जी नळी असते तिची आणि झूम भिंगाची अशी ही भाऊबंदकी आहे. दूर पाहणाऱ्यानेंच आंत पाहण्याची वाट काढली.

साध्या छायाचित्रणासाठीं पहिलें झूम भिंग १९५९ सालीं निघालें. तें फॉइग्टलेंडरचें ३६ ते ८२ मिलिमीटरांचें झूमार. त्यांत कांचेचीं चौदा भिंगें होतीं. येथें एक छोटीशी गोष्ट सांगतों, कारण तिच्यावांचून झूम झालाच नसता. उघड्या कांचेचा प्रत्येक पृष्ठभाग आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा चारपांच भाग परत फेंकतो. असे वीस पृष्ठभाग एकापुढें एक ठेवले तर निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेंतच नाहींसा होतो आणि जो परततो तो चित्रावर धुक्यासारखा पसरतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत यॉर्कच्या कुक कारखान्यांतील डेनिस टेलर ह्यांच्या लक्षांत आलें कीं, वापरून डागाळलेलीं जुनीं भिंगें नव्या लखलखीत भिंगांहून जास्त प्रकाश आंत सोडतात! गिऱ्हाइक जें भिंग खराब झालें म्हणून परत करील तेंच अधिक चांगलें. हा डाग मुद्दाम आणि हवा तेवढाच कसा आणावा, हें झाइस कारखान्याच्या आलेक्झांडर स्माकुला ह्यांनीं १९३५ सालीं पेटंट घेऊन दाखविलें. पुढें झूममध्यें भिंगांची दाटी करतां आली ती ह्या विरळ लेपाच्या जोरावर. तरीहि धंदेवाईक छायाचित्रकार बराच काळ झूमला नाकें मुरडीत. १९६३ सालचें निकॉनचें ४३ ते ८६ मिलिमीटरांचें भिंग खूप खपलें, पण त्यांत खांबाच्या सरळ कडा वांकड्या येत. आणि ती टीका रास्तच होती.

येथपर्यंतच्या इतिहासांत कोठेंहि ८३ किंवा १२५ हे आंकडे येण्याचा संभव नव्हता. तो आला तो सिलिकॉनमुळें. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्यांनीं सी. सी. डी. ची कल्पना मांडली. तिजबद्दल त्यांना २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९७५ सालीं कोडॅकमधील तरुण इंजिनियर स्टीव्हन सॅसन ह्यानें फिल्म नसलेला पहिला कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रांत ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद. फिल्मची जागा सिलिकॉनच्या चकतीनें घेतली. परंतु फिल्म वीतभर जास्त घेतली तर चार आणे जास्त पडत, तसें सिलिकॉनचें नाहीं. तुकडा जितका मोठा तितके एका चकतींतून कमी निघतात आणि एखादा डाग सांपडून तो वांया जाण्याचा संभव तितका अधिक. म्हणून स्वस्त कॅमेऱ्यांत कारखानदारांनीं लहानांत लहान तुकडा बसविला. त्याचें नांव १/२.३ इंच. हें नांवहि फसवें आहे. जुन्या दूरचित्रवाणी-कॅमेऱ्यांतील कांचेच्या नळीच्या बाहेरील व्यासावरून हीं मापें पडलीं असून प्रत्यक्ष तुकडा सुमारें ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान असतो. बार्नाकच्या चित्राचा तिसावा हिस्सा!

आतां मघांचा चंद्र पुन्हां घेऊं. पी१००० ह्या कॅमेऱ्याच्या भिंगाचें प्रत्यक्ष नाभीय अंतर ४.३ पासून ५३९ मिलिमीटरांपर्यंत बदलतें. शेवटच्या टोकाला चंद्राची प्रतिमा सुमारें पांच मिलिमीटर पडते. लायकाच्या चौकटींत ती एका कोपऱ्यांत राहिली असती. ह्या नखाएवढ्या पडद्याच्या उंचींत ती मावतहि नाहीं. तेवढाच चंद्र चौकटभर पाहिजे असेल तर २४ बाय ३६ च्या फिल्मवर तीन मीटर नाभीय अंतराचें भिंग लागेल, आणि तितकेंच उजळ हवें तर त्याचें तोंड सदतीस सेंटिमीटरांहून रुंद, म्हणजे जेवणाच्या ताटाहून मोठें, करावें लागेल. ह्या कॅमेऱ्याचें भागतें तें पावणेसात सेंटिमीटरांत. २४ ते ३००० मिलिमीटर असें जें जाहिरातींत लिहितात तें फिल्मच्या मापांत केलेलें रूपांतर होय. १२५ पट म्हणजे ह्या दोन आंकड्यांचा भागाकार. नुसत्या डोळ्याच्या १२५ पट नव्हे. नेहमींच्या ५० मिलिमीटरच्या भिंगाशीं तुलना केली तर तो साठपट भरतो. कारखानदारानें खोटें सांगितलेलें नाहीं. आपण मात्र तें नीट वाचीत नाहीं.

दुसरी अडचण हाताच्या थरथरीची. जुना ठोकताळा असा कीं, जितक्या मिलिमीटरांचें भिंग, सेकंदाच्या तितक्याव्या हिश्शांत चित्र घ्यावें. दोन हजार मिलिमीटरांच्या भिंगाला सेकंदाचा दोन हजारावा हिस्सा पाहिजे. एवढा प्रकाश भर दुपारीं देखील पुरत नाहीं. १९९४ सालीं निकॉननें एका लहान कॅमेऱ्यांत, आणि १९९५ सालीं कॅननने ७५ ते ३०० मिलिमीटरांच्या भिंगांत, हात जिकडे हालेल त्याच्या उलट सरकणारें भिंग बसविलें. ह्या दोन गोष्टी, इवलासा पडदा आणि स्वतःला सांवरणारें भिंग, एकत्र आल्यावर पुढचा प्रवास झपाट्यानें झाला. २००० सालीं ऑलिंपसचा दहापटीचा अल्ट्रा झूम. २००२ सालीं पॅनासॉनिकचा बारापटीचा एफझेड१. २००६ सालीं त्याच कंपनीचा टीझेड१, ज्यांत दहापट झूम कोटाच्या खिशांत मावला. २०१२ सालीं कॅननचा पन्नासपटीचा एसएक्स५०. त्यापुढचें आरंभीं आलेंच आहे.

ह्या यंत्राचा रोजच्या व्यवहारांतला गुण त्याच्या शेवटच्या टोकाला नाहीं असें माझें मत आहे. लग्नघरच्या दहा फुटांच्या खोलींत सगळें कुटुंब आंखूड टोकानें येतें. बाहेर पडल्यावर तेंच भिंग गडाच्या बुरुजावरचें झुडूप दाखवितें. वाटेंत एखादें गवतफूल बोटभर अंतरावरून टिपतां येतें. लहान पडद्यामुळें पुढचें मागचें सारेंच बऱ्यापैकीं स्पष्ट राहतें, ही हौशी माणसाची मोठीच सोय. पण शेवटच्या टोकाला गेलें कीं थकलेला कर व्याजासह वसूल होतो. जॉर्ज एरी ह्यानें १८३५ सालीं गणितानें दाखविलें कीं, कितीहि निर्दोष भिंग असलें तरी प्रकाशाचा बिंदु बिंदु म्हणून उमटत नाहीं, लहानशी चकती उमटते, आणि छिद्र जितकें चिंचोळें तितकी ती मोठी. एफ/८ ह्या छिद्राला ती मिलिमीटराच्या सुमारें शंभराव्या हिश्शाएवढी असते. ह्या कॅमेऱ्यांच्या पडद्यावरील एकेक ठिपका तिच्या आठव्या हिश्शाएवढा. म्हणजे एका बिंदूवर आठ आठ ठिपक्यांची रांग पहारा करीत बसते आणि नवें कांहींच सांगत नाहीं. शिवाय मध्यें हवा आहे. एप्रिलांतल्या दुपारीं तापलेल्या माळापलीकडचें हरिण कोणत्याहि किंमतीच्या भिंगानें थरथरतच येणार. सकाळीं लौकर निघावें, सूर्य पाठीशीं घ्यावा, झूम दोनतृतीयांशावर थांबवावा आणि उरलेलें अंतर, पक्षी उठणार नाहीं अशा बेतानें, पायांनीं कापावें. ह्याहून चांगला सल्ला मला तरी ठाऊक नाहीं.

आमच्याकडे ह्या कॅमेऱ्यानें केलेला पालट पाहावयाचा तर भिगवणास जावें. भीमेवरील उजनी धरणाचें पाणी मागें पसरून तेथें जो उथळ जलाशय झाला आहे त्यांत हिवाळ्यांत रोहित पक्षी आणि हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब उतरतात. पूर्वीं ज्या नोंदीसाठीं बंदूक लागे ती आज पेन्शनर गृहस्थ आणि शाळेंतलीं मुलें एका चित्रानें करतात, आणि पायांतील कड्यावरचा आंकडासुद्धां कधीं कधीं वाचतां येतो. ही लहान गोष्ट नव्हे. पण कीर्टनच्या बैलांत शिरलेल्या माणसाला पक्षी उडणें परवडत नसे. त्याचा दिवस फुकट जाई. आजच्या हौशी माणसाला उडतानाचें चित्रच हवें असतें, म्हणून नाव थव्यावर घालावयास सांगणारेहि आहेत. लांब दृष्टि देणारें यंत्र हातीं असतां जवळ जाऊन थवा उठवावा, हें मला समजत नाहीं.

माणसांच्या बाबतींत प्रश्न अधिक नाजूक आहे. कोडॅक निघून दोनच वर्षें झालीं होतीं, तोंच १८९० सालीं अमेरिकेंत सॅम्युएल वॉरन आणि लुइस ब्रँडाइस ह्या दोन वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक मासिकांत एकांताच्या हक्कावर लेख लिहिला. त्यांच्या तक्रारीचें एक कारण हे झटपट छायाचित्र घेणारे कॅमेरेच होते. तेव्हांचा कॅमेरा निदान चार पावलांवर तरी येई. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याला तो दिसे, आणि तोंड फिरविण्याची त्याला सवड मिळे. दीडशें पावलांवरून घेतलेल्या चित्रांत ही सवड नाहीं. घाटावर स्नान करणारी बाई किंवा हुंदके देणारा माणूस आपण पाहिले जात आहों हें जाणतच नाहीं. आमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ सालीं एकांताचा हक्क मूलभूत ठरविला; परंतु सज्जांतून रोखलेल्या भिंगापुढें बहुतेक वेळां उभा असतो तो रोखणाऱ्याचा स्वतःचा संकोचच.

दुरून घेतलेलें चित्र आणखी एका प्रकारें फसवितें. दूर उभें राहिलें कीं पुढच्या आणि मागच्या वस्तूंमधलें अंतर डोळ्याला कमी भासतें. लांब भिंग तें भासणें चौकटभर मोठें करून दाखवितें. २०२० च्या साथींत माणसांनीं अंतर राखावें असा दंडक असतां, किनाऱ्यांवर आणि रस्त्यांवर खेटून उभ्या असलेल्या लोकांचीं चित्रें वर्तमानपत्रांतून आलीं आणि लोक संतापले. तेव्हां डेन्मार्कमधील छायाचित्रकारांनीं तींच माणसें त्याच जागीं, एकदां दुरून लांब भिंगानें व एकदां आंखूड भिंगानें टिपून शेजारी शेजारी छापलीं. एका चित्रांत दाटी, दुसऱ्यांत मोकळी जागा. दोन्ही चित्रें खरीं होतीं. ज्याच्या हातीं असा कॅमेरा आहे त्याला मोर्चा किंवा यात्रा दाट दाखवावी कीं विरळ, हें बोटानें ठरवितां येतें, आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताहि नसतो.

हें सगळें साधेपर्यंत कॅमेऱ्याचे दिवस भरत आले होते. २०१० सालीं जपानी कंपन्यांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें जगांत १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीसाठीं पाठविले गेले. २०२० सालीं ते ९० लाखांच्याहि खालीं आले. खिशांतल्या मोबाइलनें लहान पेटीचें काम घेतलें, आणि पाठोपाठ लांब नळीचेंहि. २००२ सालीं मिनोल्टानें एका चपट्या कॅमेऱ्यांत लोलक बसवून प्रकाशाला काटकोनांत वळविलें होतें आणि नळी आंतल्या आंत आडवी घातली होती. तीच युक्ति पुढें मोबाइलमध्यें दिसूं लागली. परंतु मोबाइलचा पडदा आणि भिंग लहानच, म्हणून जें भिंगाला जमत नाहीं तें आंतल्या गणकयंत्राकडे सोंपविण्यांत आलें. २०२३ च्या मार्चमध्यें एका हौशी माणसानें चंद्राचें चित्र मुद्दाम अस्पष्ट करून संगणकाच्या पडद्यावर ठेवलें, खोलींतले दिवे मालविले, आणि दूर जाऊन एका प्रसिद्ध कंपनीच्या मोबाइलनें त्या धूसर ठिपक्याचें छायाचित्र घेतलें. मोबाइलनें दिलेल्या चित्रांत, पडद्यावर नसलेलीं विवरें रेखीवपणें उमटलीं होतीं. समोर चंद्र आहे असें ओळखलें कीं यंत्र आधीं शिकविलेल्या माहितीच्या आधारें तपशील वाढवितें, असा खुलासा कंपनीनें केला.